बंद फोनातून आलेला शब्द

१

टाचणीमावशी हरवल्याचं मला कळलं ते रविवारी सकाळी, अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना. दारात त्यांची लेक उभी होती. ती दुसऱ्या गावी शाळेची बस चालवते. खांद्याला प्रवासाची पिशवी, डोळे रात्रभर न मिटलेले.

‘काका, आज सकाळी तुमच्याकडे शब्द आला?’

‘आला की. कंदील.’

‘म्हणजे आई सकाळी फोनवर बोलली.’

‘त्या बोलल्याशिवाय शब्द माझ्यापर्यंत येईल कसा?’

‘तेच विचारायला आलेय,’ ती म्हणाली. ‘तिचा फोन काल दुपारपासून बंद आहे.’

इथे आमच्या क्लबाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही सेवा करतो. त्यासाठी आमच्याकडे एक सभागृह, एक घंटा, पुष्कळ समित्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी एक सभा आहे. या सगळ्यातून वेळ उरला की सेवाही होते. त्यातली सगळ्यात चांगली म्हणजे सकाळची साखळी. एकट्या राहणाऱ्या सभासदांनी रोज सकाळी एकमेकांना फोन करायचा. आमच्या साखळीत सेक्रेटरी, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, एखादा शब्द ठरवतात आणि घड्याळजींना सांगतात. घड्याळजी टाचणीमावशींना सांगतात, मावशी गाण्याच्या बाईंना, बाई मला आणि मी परत डॉक्टरांना. शब्द फिरून आला की सगळे शाबूत. अडला, तर जिथे अडला त्या घरी कोणीतरी धावायचं. साखळी सुरू झाल्यापासून एकदाही तुटलेली नव्हती.

मी तोंड धुतलं आणि लेकीबरोबर निघालो.

मावशींच्या दाराशी दुधाच्या पिशव्या साचल्या होत्या. सर्वांत खालची फुगली होती. लेकीने तिच्याजवळच्या किल्लीने कुलूप काढलं. घरात सगळं जागच्या जागी. शिवणयंत्रावर निळ्या चौकड्यांचं कापड पसरलेलं, न कापलेलं, वर खडू. भिंतीवर मापाची टेप टांगायचा खिळा रिकामा. उशीखाली मोबाइल, मेलेला. टेबलावर वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी. लेकीने ती उचलली आणि खाली बसली.

गुरुवार सकाळचा कप्पा रिकामा होता. गुरुवार रात्रीपासून पुढचे सगळे भरलेले.

‘हृदयाच्या गोळ्या आहेत काका. एखादी चुकली तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते.’ तिने डबी छातीशी धरली. ‘इतक्या नाही.’

गुरुवारपासून मावशी घरी नव्हत्या. आणि शुक्रवारी, शनिवारी आणि आजही त्यांच्या फोनातून शब्द पुढे गेला होता.

२

आमच्या क्लबात माणूस हरवला की आधी समिती सापडते. तासाभरात सभागृह भरलं. अध्यक्षांचं फरशांचं दुकान आहे. त्यामुळे कुठलीही गोष्ट ते चौकोनात बसवून पाहतात. त्यांनी फळ्यावर गावाचे चौकोन पाडले आणि माणसं वाटली: एक तुकडी स्टेशनावर, एक दवाखान्यांत, एक बाजारात, एक तलावावर. तलाव म्हटल्यावर लेकीने मान खाली घातली. स्वतःच्या सभागृहाच्या वाट्याला काही कोणी आलं नाही. आम्ही सगळे तिथेच होतो, त्यामुळे ते तपासून झाल्यासारखं वाटत होतं.

‘मावशी गुरुवारी सभेनंतर घरी गेल्या, एवढं नक्की,’ अध्यक्ष म्हणाले. ‘बिल्ला आहे.’

दाराजवळ बिल्ल्यांचा फलक आहे. सभेला आल्यावर आपल्या नावाचा बिल्ला काढून छातीवर लावायचा, जाताना परत खिळ्याला अडकवायचा. बिल्ला लावून जो घरी जाईल त्याने पुढच्या सभेत सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. हा दंड ठोठावण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मला सगळे दंडवाले म्हणतात. मी फलक पाहिला. एकही खिळा रिकामा नव्हता. मावशींचा बिल्ला त्यांच्या जागी चकाकत होता.

पोलिसांकडे जाऊन झालं होतं. ते म्हणाले, आज सकाळी बोलणं झालंय असं तुमचाच क्लब म्हणतो, मग बाई सकाळनंतर कुठे गेल्या ते आम्ही बघतो. म्हणजे ज्या माणसाला गुरुवारपासून शोधायचं, त्याला ते रविवारपासून शोधत होते.

अध्यक्षांनी मला खांबाआड घेतलं. ‘संध्याकाळी क्लबांचे प्रांतपाल येताहेत. अखंड साखळीसाठी मानचिन्ह द्यायला. मावशी सापडतीलच हो. पण साखळी तुटली, हे वाक्य तेवढं आज नको.’

‘आणि आई तुटली तर?’ लेक आमच्या मागेच उभी होती. ‘ते वाक्य कधी म्हणायचं, ते समिती ठरवेल का?’

अध्यक्ष संध्याकाळसाठी गळ्यात घातलेली मानाची साखळी सरळ करत फळ्याकडे वळले.

‘काका,’ लेक म्हणाली, ‘तुम्ही साखळीत शेवटी आहात. मला तुमच्यापासून एकेक माणूस मागे जायचंय. कोण खोटं बोलतंय ते शोधा. मग माझ्या आईला शोधू.’

कुणी मला इतकं साधं काम कधी दिलं नव्हतं. मी टोपी घातली.

वाटेत एक गोष्ट मला खुपत होती. पूर्वी शब्दाबरोबर मावशींचा माझ्यासाठी एक टोमणाही यायचा. बाई तो जसाच्या तसा पोचवायच्या. ‘शब्द चिमटा. आणि मावशी म्हणतात, त्या दंडवाल्याला सांगा, कोटाचं बटण तुटलंय, आणून टाका, जगाला दाखवत फिरू नका.’ दोनेक महिन्यांपासून नुसता शब्द येत होता. मला वाटलं होतं, मावशी मवाळ झाल्या.

आता वाटलं, टाचणी मवाळ होत नाही. ती जागेवर नसते, एवढंच.

३

वाटेत घड्याळजींचं घर आधी लागलं. ते स्टेशनवरून नुकतेच परतले होते. भिंतभर घड्याळं, सगळी एका सुरात चाललेली. म्हाताऱ्याचा चेहरा तेवढा बंद पडलेला.

‘काही नाही हो,’ ते म्हणाले. ‘प्रत्येक बाकावर पाहिलं.’

‘घड्याळजी, सकाळी मावशी कशा वाटल्या?’

‘शब्द पुढे गेला ना?’

‘गेला.’

‘मग झालं.’ त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचललं आणि किल्ली द्यायला लागले. त्याला किल्ली दिलेली होतीच. स्प्रिंग कुरकुरली.

मी त्यांचा प्रश्न मनात फिरवून पाहिला. मी विचारलं मावशींबद्दल, ते बोलले शब्दाबद्दल.

फोन खिडकीपाशी होता, जुना, तारेचा. तार लांबवून आरामखुर्चीपर्यंत ओढलेली. खुर्चीवर नवीकोरी गादी, निळ्या चौकड्यांची.

लेकीने तिच्यावर हात फिरवला. ‘हे आईचं काम आहे.’

‘हो. तिनेच शिवून दिली.’ घड्याळजी पहिल्यांदा जरा हसले. ‘म्हणाली, सकाळी एवढा वेळ फोनवर बसता, कंबर मोडेल.’

लेक वळली. ‘घड्याळकाका, माझी आई फोनवर अर्ध्या मिनिटाच्या वर बोलत नाही. माझ्याशीसुद्धा नाही. मला मूल झालं तेव्हा म्हणाली, बरं झालं, झोप आता, आणि ठेवला. तुम्ही सकाळी एवढा वेळ कोणाशी बोलता?’

किल्ली थांबली. भिंतीवरच्या घड्याळांनी एकदम टोले द्यायला सुरुवात केली, आणि ते संपेपर्यंत कोणालाच काही बोलता येईना. संपल्यावर घड्याळजींनी किल्ली द्यायला दुसरं घड्याळ उचललं.

४

गाण्याच्या बाई दारातच उभ्या होत्या, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना सूर लावायला शिकवलं. आज त्यांचा स्वतःचा लागत नव्हता.

‘सापडली?’

‘नाही. बाई, आज सकाळी मावशी बोलल्या तुमच्याशी?’

‘मला शब्द मिळाला.’

‘कोणाकडून?’

त्या दारातून बाजूला झाल्या. मी आत पाहिलं. फोनच्या शेजारी वेताची खुर्ची होती. तिच्यावर गादी होती. निळ्या चौकड्यांची.

एकाच कापडातल्या दोन गाद्या, दोन फोनांशेजारी. मधल्या माणसाच्या घरी मात्र नुसतं कापड. आणि शब्द, जो बंद फोनातून गेलाच नव्हता.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘तुम्हाला शब्द घड्याळजी सांगतात. थेट. माझ्याकडे टोमणे यायचे थांबले तेव्हापासून.’

‘तिनेच सांगितलं तसं करायला.’ बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. ‘म्हणाली, सकाळी माझं यंत्र चालू असतं, मला मध्ये घालू नका. तुम्ही दोघं बोला. बोलायला माणूस हवंच ना तुम्हाला. मी म्हटलं, अगं, मग तुझी खबर? तर म्हणाली, घड्याळजी रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जातात, हाक मारतात. आणि कोणाला सांगू नका, नाहीतर दंडवाला दोघांना द्वंद्वगीत म्हणायला लावेल.’

ते मी नक्कीच लावलं असतं.

‘मी नाही जात तिच्या दारावरून.’

आवाज मागून आला. घड्याळजी धापा टाकत फाटकात उभे होते. आमच्या मागोमाग जवळपास धावतच आले असणार. ‘मला ती म्हणाली, दुपारी मी बाईंकडे जाऊन बसते, माझी खबर त्यांच्याकडे असतेच.’

‘ती कधी आली नाही दुपारी,’ बाई म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा तिच्याकडे बघतोय. आज सकाळपासून दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर आपली शंका गिळत होते. आणि मावशी मध्ये नसतात हे कबूल केलं असतं, तर उद्यापासून ते सकाळचे फोन गेले असते. या वयात माणूस त्यासाठी फार काही गिळतो.

‘म्हणजे,’ लेक हळू म्हणाली, ‘गुरुवारच्या सभेनंतर माझ्या आईशी कोणीच बोललेलं नाही. एकही माणूस.’

दुपार कलली होती. तलावावरच्या तुकडीने गळ मागवल्याचा निरोप तेवढ्यात आला.

५

‘गुरुवारपासून पुढे नको,’ मी लेकीला म्हटलं. ‘गुरुवारीच थांबू. तुझी आई टेप घेऊन कधी बाहेर पडते?’

‘माप घ्यायचं असेल तरच. टेप खिळ्याला नसली तर तिला झोप येत नाही.’

‘कापड पसरलेलं, कापलेलं नाही. म्हणजे आधी माप घ्यायचं होतं. सभेला येताना टेप बरोबर आणली. कोणाचं माप?’

तिला ते माहीत नव्हतं. पण ती गाडी काढून आम्हाला सभागृहापर्यंत घेऊन आली. गाडी म्हणजे क्लबची रुग्णवाहिका. चावी अध्यक्षांकडून तिने कशी घेतली, ते मी विचारलं नाही.

सभागृहात मंच सजत होता. डॉक्टर खुर्च्या सरळ रेषेत लावत होते. मी फलकापाशी गेलो आणि मावशींचा बिल्ला खिळ्यावरून काढला. उलटा केला. मागे कारखान्यातली चिमटी होती, नवी, चकचकीत.

‘लेकी, तुझ्या आईच्या बिल्ल्याची पिन कधीचीच मोडली होती. त्यांनी मागे लाल फडक्याचा तुकडा शिवून सेफ्टी पिन लावली होती. मी दर गुरुवारी पाहतो.’

‘हो. तो घरी नाहीये. मी सगळे कपडे पाहिले.’

‘डॉक्टर,’ मी हाक मारली, ‘हा बिल्ला कधी केलात?’

डॉक्टर खुर्ची हातात धरूनच उभे राहिले. ‘काल. फलक पुसायला आलो, तर खिळा रिकामा. प्रांतपाल येणार, फोटो निघणार. म्हटलं, मावशी विसरून लावून गेल्या असतील, जुना मिळाला की बदलू.’ त्यांचा आवाज बारीक झाला. ‘फट दिसली की मला राहवत नाही हो. सवय आहे.’

‘मावशी कधीच विसरत नाहीत,’ मी म्हटलं. ‘इतक्या वर्षांत एकदाही मला दंड करू दिला नाही. म्हणायच्या, तुमच्यासमोर गाण्यापेक्षा मेलेली बरी.’

माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं.

जाताना बिल्ला अडकवायचा. बिल्ला अडकवलेला नव्हता. तो घरीही नव्हता. म्हणजे मावशी घरी गेल्याच नव्हत्या. त्या इथून बाहेर पडल्याच नव्हत्या. आणि त्यांच्याजवळ टेप होती, आणि घरी गाद्यांचं कापड होतं. या इमारतीत गादी नसलेल्या खुर्च्या कुठे आहेत?

मागच्या अंगणात आमचं साधनकोठार आहे. जुनं बर्फाचं कोठार होतं ते, हातभर जाडीच्या भिंतींचं. गरजू रुग्णांना द्यायच्या वस्तू तिथे असतात: पलंग, कुबड्या, वॉकर, ऑक्सिजनची यंत्रं. आणि व्हीलचेअर, ज्यांच्या बैठकी फाटल्याची तक्रार मावशी दर सभेत करायच्या आणि अध्यक्ष दर सभेत उपसमितीकडे पाठवायचे.

‘कोठार सभेच्या दिवशी उघडतं,’ मी म्हटलं. ‘सभेनंतर कुलूप कोण लावतं?’

सगळे घड्याळजींकडे पाहायला लागले.

‘मी नेहमी आत डोकावतो,’ घड्याळजी म्हणाले. ‘नेहमी. त्या दिवशी बाई फाटकाशी थांबल्या होत्या. मला वाटलं, त्यांना उशीर…’

ते खिशात किल्ली चाचपायला लागले.

६

आयुष्यभर ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू फिरवले, त्या बोटांना कुलपाचं भोक सापडेना. लेकीने किल्ली त्यांच्या हातातून घेतली. दार लोखंडी, जड. आम्ही सगळ्यांनी ढकललं, अध्यक्षांनीसुद्धा, गळ्यातल्या साखळीसकट.

आत अंधार आणि रबराचा वास. व्हीलचेअरची रांग. पहिल्या खुर्चीच्या बैठकीवर खडूची खूण होती, दुसरीवरही. तिसरीवर नव्हती.

‘आई.’

काही नाही.

‘आई, मी आलेय.’

काही नाही. बाईंनी तोंडावर पदर धरला. लेक पलंगांच्या रांगेतून पुढे निघाली, वस्तू बाजूला ढकलत, ‘आई, आई’ म्हणत, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी लहान होत होता, शेवटी नुसता एखाद्या पोरीचा उरला.

मग लोखंडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. एकदा. अगदी हळू.

मागच्या भिंतीशी, उलटलेल्या स्टुलाजवळ मावशी पडल्या होत्या. खुर्च्यांच्या वरच्या फळीवरून काही काढताना पडल्या असणार. पाय मोडला होता. त्यांनी तो कुबडीला बांधला होता, मापाच्या टेपने. पलंगावरची गादी ओढून अंगाखाली घेतली होती. ऑक्सिजनच्या यंत्रात घालायच्या पाण्याच्या बाटल्या शेजारी रिकाम्या पडल्या होत्या. आमच्या क्लबाची इतकी साधनं एकाच गरजूने एकाच वेळी वापरल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. ओठ निळे पडले होते. छातीवर बिल्ला होता, लाल फडक्याचा.

लेकीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डबीतली गोळी कुठली द्यायची, कुठल्या वाराची, हे तिला ठरवता येईना.

मावशींनी डोळे उघडले. आधी लेकीला पाहिलं, मग घड्याळजींना, मग बाईंना, मग बराच वेळ मला. ओठ हलले. मी वाकलो.

‘बिल्ला अडकवायचा राहिला,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी गाणार नाही.’

७

रुग्णवाहिका लेकीनेच चालवली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आज रात्री काही सांगता येणार नाही. ते ऐकून घड्याळजी बाकाच्या एका टोकाला बसले आणि बाई दुसऱ्या. मधली जागा कोणी घेतली नाही.

सभागृहात प्रांतपाल वेळेवर आले. मानचिन्ह काचेच्या पेटीत होतं. अध्यक्ष उठले, घंटा वाजवली, भाषणाचा कागद काढला. मग तो त्यांनी खिशात ठेवला.

‘आमची साखळी दोन महिन्यांपासून तुटलेली आहे,’ ते म्हणाले. ‘आम्ही रोज सकाळी ती पूर्ण झाल्याचं लिहीत होतो. मानचिन्ह परत न्या.’

फरशीवाल्या माणसाने आपल्याच फरशीतली भेग दाखवावी, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

मला अनेकांनी विचारलं, गुन्हेगार कोण. मी पुष्कळ विचार केला. कोणाला एकटेपणा भरून काढायचा होता, कोणाला फलक, कोणाला फोटो. मावशींना दोन एकट्या माणसांच्या मधलं अंतर मिटवायचं होतं, म्हणून त्या मधून उठल्या. प्रत्येकाने आपल्याला दिसलेली फट बुजवली. त्या सगळ्या फटींत मिळून एक माणूस बसत होता.

मावशी वाचल्या. वॉकरशिवाय आता चालता येत नाही. वॉकर आमच्याच कोठारातला आहे, आणि कोठाराचं दार आता आतूनही उघडतं. घड्याळजींनी बाईंना फोन करणं बंद केलं होतं. मावशींनी दोघांना दवाखान्यात बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मी तीन दिवस तिथे पडले, ते तुम्ही दोघांनी आता तोंड फिरवून बसावं म्हणून नाही.’ तेव्हापासून ते फोन पुन्हा सुरू आहेत. पण ते साखळीबाहेरचे.

साखळीचा क्रम आम्ही बदलला. आता मावशी माझ्या आधी येतात आणि मला स्वतः फोन करतात. पहिल्या सकाळी मी खूप आधीपासून फोनजवळ बसलो होतो. वाजायला उशीर झाला. मी टोपी घातली. चपला घातल्या. दाराला हात लावला, तेव्हा वाजला.

‘शब्द टेप,’ त्या म्हणाल्या. पलीकडे यंत्राची खडखड चालू होती. ‘आणि धाप का लागलीये एवढी?’

‘काही नाही. निघालो होतो.’

‘कुठे?’

‘तुमच्याकडे.’

यंत्र थांबलं. अर्धं मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

‘येताय तर तो कोट घेऊन या,’ मावशी म्हणाल्या. ‘बटण अजून तसंच असेल.’